डिस्नेतली वामकुक्षी: पॉप सेंच्युरी हॉटेलात पहिल्यांदा राहायला जाताना

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला डिस्ने बघायला जायचं ठरलं की आमच्याकडे पहिला वाद हॉटेलवरूनच होतो. नवरा म्हणतो, बाहेर निम्म्या भाड्यात मोटेल मिळतं. मुलं म्हणतात, "डिस्नेच्या आत" राहायचं. भारतातून आलेली आई म्हणते, जिथे चहाला गरम पाणी मिळेल तिथे कुठेही चालेल. बाबा काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांना फक्त दुपारी दीड ते तीन झोपायला जागा हवी असते. दोनदा जाऊन आल्यावर माझं मत झालंय की या सगळ्यांत बाबांचं म्हणणं बरोबर आहे. हा लेख त्याच अंगाने लिहिला आहे.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे. १९७१ साली सुरू झालेल्या या पसाऱ्यात चार मोठे थीम पार्क आहेत (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम), दोन वॉटर पार्क आहेत, दुकानांचं एक गावच आहे आणि पंचवीसेक हॉटेलं आहेत. हॉटेलांच्या ढोबळ प्रती तीन: व्हॅल्यू, मॉडरेट आणि डीलक्स. आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडणाऱ्या व्हॅल्यू प्रतीत पाच हॉटेलं येतात. ऑल-स्टार स्पोर्ट्‌स आणि ऑल-स्टार म्युझिक (१९९४), ऑल-स्टार मूव्हीज (१९९९), पॉप सेंच्युरी (२००३) आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन (२०१२). मी इथे पॉप सेंच्युरीबद्दल सांगणार आहे.

पहिली पायरी: दुपारी परतणार आहात का?

बुकिंगच्या आधी याचंच उत्तर काढा. सकाळी पार्कात शिरायचं आणि रात्रीची आतषबाजी बघूनच बाहेर पडायचं असा बेत असेल, हाताशी भाड्याची गाडी असेल, तर किसिमीमधल्या १९२ नंबरच्या हायवेवरची मोटेलं खुशाल घ्या. तिथे बऱ्याच ठिकाणी नाश्ता फुकट असतो आणि खोलीही मोठी मिळते. पार्कच्या पार्किंगला रोजचे वेगळे पैसे लागतात, तेवढे हिशेबात धरा.

पण बरोबर आजी-आजोबा असतील, पाच वर्षांखालची पोरं असतील आणि महिना जून ते सप्टेंबर असेल, तर दिवसभर पार्कात राहणं ही शिक्षा आहे. फ्लोरिडाचा उन्हाळा म्हणजे आपल्या कोकणातला मे, आणि त्यात दुपारी तीन-चारच्या सुमाराला बऱ्याचदा गडगडाटी पाऊस. रांगाही बारा ते चार या वेळातच सगळ्यात लांब असतात. म्हणून सकाळी लवकर जायचं, साडेबाराला बाहेर पडायचं, जेवायचं, झोपायचं, मुलांना पोहण्याच्या तलावात सोडायचं आणि पाचनंतर पुन्हा पार्क गाठायचा. हे जमवायचं तर हॉटेल जवळ हवं आणि येण्याजाण्यात डोकं शिणायला नको. व्हॅल्यू हॉटेलाचं भाडं मी त्यासाठी मोजते. खोलीकडे बघून ते भाडं जास्तच वाटतं.

दुसरी पायरी: पाचांतलं कोणतं?

तिन्ही ऑल-स्टार सहसा सगळ्यात स्वस्त पडतात, पण तिथून सगळीकडे बसनेच जावं लागतं. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही दोन हॉटेलं एकाच तळ्याच्या दोन काठांवर आहेत आणि दोघांत मिळून स्कायलायनरचं एक स्टेशन आहे. स्कायलायनर म्हणजे तारेवरून जाणारे पाळणे, आपल्या रोपवेचा थोरला भाऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये ते सुरू झाले आणि तेव्हापासून पॉप सेंच्युरीचा भाव वधारला. ऑल-स्टारपेक्षा इथे रात्रीला थोडे जास्त डॉलर जातात. माझ्या मते ते द्यावेत.

कुटुंब सहा जणांचं असेल तर आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमधले फॅमिली स्वीट डोळ्यांत भरतात. दोन बाथरूम, मायक्रोवेव्ह, निमो किंवा सिंहाच्या छाव्याची सजावट. पण भाडं बघा आणि मग त्याच तारखांना पॉप सेंच्युरीतल्या दोन खोल्यांचं भाडं बघा. बहुतेक वेळा दोन खोल्याच स्वस्त पडतात, आणि बाथरूम तिथेही दोनच होतात. मधल्या दाराने जोडलेल्या खोल्या हव्या असतील तर बुकिंगनंतर फोन करून तशी विनंती नोंदवा. आजोबांच्या घोरण्याला स्वतंत्र खोली मिळणं ही चैन समजू नका.

तिसरी पायरी: तारखा आणि पैसे

भाडं रोज वेगळं असतं. साधारण खोली मंदीच्या दिवसांत रात्रीला दोनशे डॉलरच्या आसपास मिळते, नाताळच्या आठवड्यात तीच तीनशेच्या पुढे जाते. वर साडेबारा टक्के कर. डिस्नेच्या हॉटेलात वेगळी 'रिसॉर्ट फी' नाही, आणि राहणाऱ्यांना हॉटेलात आणि पार्कात गाडी लावायलाही पैसे पडत नाहीत. बाहेरच्या हॉटेलाशी तुलना करताना तिकडच्या भाड्यात या दोन गोष्टी मिळवल्याशिवाय आकडा खरा कळत नाही.

स्वस्त काळ म्हणजे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, अमेरिकेतल्या शाळा उघडल्यानंतरचा. लेबर डेचा लाँग वीकेंड तेवढा टाळा. हा स्वस्त काळ म्हणजे आपले गणपतीचे दिवस. उन्हाळ्यात मुलांकडे आलेल्या आई-बाबांना परतायच्या आधी फिरवून आणायला हा काळ सोयीचा, फक्त तो वादळांचाही असतो. ऑर्लँडो भागासाठी किंवा तुम्ही राहता त्या भागासाठी येण्याच्या सात दिवसांच्या आत हरिकेनचा इशारा निघाला, तर डिस्नेचं बुकिंग दंड न भरता पुढे ढकलता किंवा रद्द करता येतं. विमानाचं तिकीट मात्र वेगळं प्रकरण आहे, त्याचे नियम आधी वाचा.

फक्त खोली बुक केली तर सुरुवातीला एका रात्रीचं भाडं भरावं लागतं. रद्द करायची वेळ आलीच तर निदान एक आठवडा आधी करा, नाहीतर ते पैसे गेले.

पार्कची तिकिटं खोलीच्या भाड्यात नसतात. तीन वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, तीन ते नऊ वयाच्यांना मुलांचा दर आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा. ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत मिळत नाही. बाबांनी एसटीत कंडक्टर म्हणून पस्तीस वर्षं काढली, अर्ध्या तिकिटावर त्यांचा फार विश्वास. त्यांना हे पटायला वेळ लागला.

पण त्यावर एक उतारा आहे. आजी-आजोबांना रोजचं तिकीट काढूच नका. चार दिवसांत दोन दिवस पार्क त्यांना पुरतात. स्कायलायनर, बस, डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा बाजार यांतल्या कशालाच तिकीट लागत नाही. एपकॉटच्या स्कायलायनर स्टेशनवर उतरून, पार्कात न शिरता, पाच-सात मिनिटं चाललं की बोर्डवॉकचा तळ्याकाठचा लाकडी रस्ता लागतो. आई-बाबांची एक अख्खी संध्याकाळ तिथे बाकावर गेली, आणि पूर्ण सहलीतली तीच त्यांना सगळ्यात जास्त आवडली.

चौथी पायरी: निघण्याआधी फोनवर

'माय डिस्ने एक्स्पिरियन्स' हे अ‍ॅप घेऊन त्यात सगळ्यांची नावं आणि तिकिटं जोडा. ऑनलाइन चेक-इन त्यातच होतं. खोली अधिकृतपणे दुपारी तीनला मिळते. ती तयार झाली की फोनवर निरोप येतो आणि खोलीचं दार फोननेच उघडतं, काउंटरवर थांबावं लागत नाही. आई-बाबांच्या फोनला इथलं सिम नसेल तर काउंटरवरून त्यांच्यासाठी किल्लीचं कार्ड मागून घ्या. मनगटावरचा मॅजिकबँड, म्हणजे किल्ली आणि तिकिटाचं काम करणारा पट्टा, विकत घ्यावा लागतो. नाही घेतला तरी काही अडत नाही.

लायटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून छोटी रांग, हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी निवडता येते, आणि तीही मुक्कामातल्या सगळ्या दिवसांसाठी एकदमच. बाहेर राहणाऱ्यांना तीनच दिवस आधी. तो दिवस कॅलेंडरवर टाकून ठेवा.

खोली लॉबीजवळ हवी तर 'प्रिफर्ड' प्रकारासाठी जास्त पैसे पडतात. पॉप सेंच्युरीत २,८८० खोल्या आहेत, त्यामुळे हा आवार म्हणजे एक वसाहतच आहे. इमारतींना पन्नास ते नव्वद या दशकांची थीम दिली आहे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांच्या इमारती लॉबीपासून लांब, पण शांत. साठच्या दशकाच्या इमारती पोहण्याच्या मोठ्या तलावाशेजारी, म्हणजे मुलांचा आरडाओरडा खिडकीत. गुडघेदुखी असेल तर जवळची घ्या, झोप सावध असेल तर लांबची. दोन्ही असेल तर जवळची घेऊन कापसाचे बोळे न्या.

सामानात काय

टमरेल. सगळ्यात आधी हेच लिहिते, कारण बाकी सगळं तिथे विकत मिळतं. प्लॅस्टिकचं, दांडीचं, हलकं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

त्याखेरीज पावसाचे घडीचे रेनकोट, चालून मऊ झालेले बूट आणि पोहायचे खरे कपडे. सुती सलवार-कुर्त्यात पाण्यात उतरायचा बेत घरीच सोडा. टॉवेल तलावापाशी मिळतात.

विमानतळापासून

ऑर्लँडो विमानतळ ते हॉटेल सुमारे वीस मैल. डिस्नेची फुकट बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. जुन्या सहलीच्या आठवणी सांगणारे नातेवाईक अजून तिचं नाव घेतात, त्यांचं ऐकू नका. आता मिअर्स कनेक्टची बस पैसे देऊन, किंवा उबर-लिफ्टसारखी टॅक्सी. चार-पाच माणसं असतील तर मोठी उबर जवळपास तेवढ्यातच पडते, आणि मुलांचं कंटाळून रडणं वाचतं. सकाळीच पोहोचलात तर सामान हॉटेलात ठेवून घेतात. पोहायचे कपडे मात्र वरच्या पिशवीत असू द्या.

खोलीत शिरल्यावर

धक्का बसू देऊ नका. खोली २६० चौरस फूट आहे, डोंबिवलीतल्या जुन्या वन-रूम-किचनएवढी. एक क्वीन पलंग दिसतो आणि समोर भिंतीला लागून टेबल. आईने विचारलं, "आपण चौघं, आणि पलंग एक?" दुसरा पलंग त्या भिंतीत आहे. टेबलाच्या वरचं हँडल धरून खाली ओढायचं, टेबल पोटात जातं आणि गादी घातलेला दुसरा क्वीन पलंग उघडतो. रेल्वेच्या बर्थची सवय असलेल्याला यात नवल नाही. फक्त पलंग उघडला की टेबल गेलं, म्हणून रात्रीचं खाणं आधी उरका. सकाळी उठल्यावर पलंग भिंतीत लोटून दिला की मुलांना नाचायला अंगण मिळतं.

चार माणसं राहू शकतात, शिवाय तीन वर्षांखालचं एक बाळ पाळण्यात. पाळणा मागितला की आणून देतात. छोटा फ्रिज आहे, कॉफी मेकर आहे, मायक्रोवेव्ह नाही. खोल्यांची दारं बाहेरच्या गॅलरीत उघडतात, चाळीसारखी, त्यामुळे पहाटे विमान गाठणाऱ्यांच्या बॅगांची चाकं ऐकू येतात. बाथरूमला सरकतं दार आहे आणि टबाऐवजी बहुतेक ठिकाणी काचेमागचा शॉवर. टबासारखा पाय उंच उचलून आत जावं लागत नाही, हे आजी-आजोबांच्या बाजूने फार चांगलं.

खाण्याचं गणित

लॉबीला लागून 'एव्हरीथिंग पॉप' हे फूड कोर्ट आहे. मेन्यूवर हिरव्या पानाचं चिन्ह दिसलं की तो पदार्थ मांस, दूध, अंडं यांतलं काहीच नसलेला. चीज-दही चालत असेल तर पर्याय वाढतात, पण पिझ्झा-पास्ता-सॅलडच्या पलीकडे फार आशा नको. इथला रंगीबेरंगी टाय-डाय चीजकेक प्रसिद्ध आहे. अंडं न खाणाऱ्यांनी घेण्याआधी विचारावं.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. डिस्नेच्या पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेची बाटली आणि दारू चालत नाही. म्हणून मेथीचे ठेपले, कोरडी चटणी, दाण्याचे लाडू बिनधास्त न्या. इन्स्टंट उपमा-पोह्यांचे कप कॉफी मेकरच्या गरम पाण्यात होतात, फक्त आधी एकदा नुसतं पाणी उकळून टाकून द्या, नाहीतर पोह्यांना कॉफीचा वास लागतो. काही गरम करायचं तर फूड कोर्टातला मायक्रोवेव्ह वापरा. शेगडी किंवा कुकर मात्र खोलीत लावू नका. फोडणीने धुराची घंटा वाजली तर अख्खी इमारत खाली उतरेल. पार्कातल्या कोणत्याही फास्ट फूडच्या काउंटरवर साध्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, मागायला लाजू नका.

चौथ्या दिवशी जीव वरणभातासाठी तळमळायला लागला की अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्याच हॉटेलातलं 'सना' हे रेस्टॉरंट आठवा. तिथली ब्रेड सर्व्हिस म्हणजे नानसारख्या रोट्यांचे प्रकार आणि वाट्यांत चटण्या-लोणची. टेबल आधी राखून ठेवावं लागतं. पॉप सेंच्युरीहून थेट बस नाही, अ‍ॅनिमल किंगडम पार्कातून बस बदलून जायचं.

जायचं कसं, यायचं कसं

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण भाड्याचे पैसे इथेच वसूल होतात.

तळ्याच्या मध्यावर, पुलाला लागून, स्कायलायनरचं स्टेशन आहे. तिथून चार-पाच मिनिटांत कॅरिबियन बीच हॉटेलाजवळच्या मुख्य स्टेशनवर उतरायचं. दादर समजा. तिथून एक तार हॉलिवूड स्टुडिओजला जाते, दुसरी एपकॉटला. एपकॉटची तार पार्कच्या मागच्या दाराशी, फ्रान्स आणि इंग्लंड यांच्या दालनांमधे सोडते, ते दार पुढच्या दारापेक्षा मोकळं असतं. पाळणे थांबत नाहीत, सावकाश सरकत असताना चढायचं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी आणि व्हीलचेअरसाठी थांबणारा पाळणा बाजूला असतो, कर्मचाऱ्याला सांगा. बाबागाडी घडी न करता आत नेता येते, बसमध्ये मात्र घडी करावी लागते. झोपलेलं पोर उचलून बाबागाडी मोडणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला या फरकाची किंमत कळेल.

पाळण्यांत एसी नाही. चालू असताना वारा येतो, थांबला की घामाच्या धारा. आणि विजा चमकायला लागल्या की ते बंद होतात. म्हणून दुपारी ढग दाटून आले की दहा मिनिटं आधीच पार्क सोडा. आम्ही एकदा "हा एक राइड फक्त" म्हणून थांबलो आणि मग भिजलेल्या गर्दीबरोबर बसच्या रांगेत पाऊण तास काढला. चूक आमचीच.

मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडमला बस. मॅजिक किंगडमला बसने जाण्यात मोठा फायदा आहे. गाडीने येणाऱ्यांना लांब पार्क करून मग मोनोरेल किंवा बोटीने पलीकडे जावं लागतं, बस मात्र थेट फाटकाजवळ सोडते. बाबांनी पहिल्या दिवशी थांब्यांच्या पाट्या, रांगेची आखणी आणि व्हीलचेअरसाठी खाली झुकणारी बस हे सगळं मन लावून पाहिलं आणि "डेपो बरा चालवलाय" असं प्रमाणपत्र दिलं. मग ड्रायव्हरच्या मागची सीट धरली ती चार दिवस सोडली नाही.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. त्या अर्ध्या तासाचा उपयोग करायचा तर फाटकापाशी त्याहून अर्धा तास आधी उभं राहायला हवं. रात्रीचे जादा तास मात्र डीलक्सवाल्यांसाठी, त्यांची आस धरू नका.

हॉटेलच बघायला एक दुपार

पॉप सेंच्युरीची थीम म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली अमेरिकन मौज. पन्नास ते नव्वद, प्रत्येक दशकाच्या वेगळ्या इमारती, आणि त्यांच्या कोपऱ्यांना इमारतीएवढ्या उंच वस्तू. पन्नासला बोलिंगच्या बाटल्या, साठला यो-यो, सत्तरला तीनचाकी सायकल, ऐंशीला रुबिकचा ठोकळा. साठच्या अंगणात बलू अस्वल आणि मोगलीही उभे आहेत. मुलांना हे सगळं फोटोपुरतं. पण तो राक्षसी वॉकमन बघून माझ्या नवऱ्याचा चेहरा जसा झाला तसा कोणत्याही राइडवर झाला नाही. लॉबीच्या भिंतीवर काचेच्या पेट्यांत त्या त्या दशकांतल्या खऱ्या वस्तू मांडल्या आहेत. चेक-इनच्या गडबडीत त्या राहून जातात. पावसाच्या दुपारी तिकडे जा.

तळ्याचा इतिहासही गमतीचा आहे. समोरच्या काठावर १९०० ते १९४० या दशकांचा दुसरा भाग बांधायचा बेत होता. २००१ नंतर प्रवासी आटले, काम अर्ध्यावर थांबलं आणि पॉप सेंच्युरीचा अलीकडच्या काठावरचा भाग डिसेंबर २००३ मध्ये उघडला. पलीकडचे सांगाडे कित्येक वर्षं तसेच उभे होते, पुढे त्या जागेवर आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन झालं. दोन काठांना जोडणाऱ्या पुलाचं नाव 'जनरेशन गॅप ब्रिज'. नातवाचा हात धरून आजोबांनी संध्याकाळी फिरायला याहून योग्य जागा नाही. तळ्यात मात्र कुणी पाय घालायचा नाही. फ्लोरिडात गोड्या पाण्यात मगरी असू शकतात, तिथल्या पाट्या शोभेच्या नाहीत.

पोहायचे तलाव तीन: मोठा फुलाच्या आकाराचा, एक बोलिंगच्या बाटलीसारखा, एक कॉम्प्युटरसारखा. मोठा गजबजलेला असतो. दुपारच्या झोपेनंतर कॉम्प्युटरवाल्यावर जा, तिथे गर्दी कमी. विजा चमकल्या की तलावही रिकामे करतात.

निघताना

अकराला खोली सोडायची. विमान संध्याकाळचं असेल तर सामान पुन्हा काउंटरजवळ ठेवून तलावावर किंवा डिस्ने स्प्रिंग्जला जाता येतं. सामान ठेवून घेणाऱ्याला दोन-तीन डॉलर द्यायची इथे रीत आहे.

भिंतीतला पलंग लोटण्याआधी त्याच्या फटीत हात घालून बघा, चार्जर आणि मोजे तिथेच सापडतात. फ्रिजमधला चटणीचा डबा काढा. आणि बाथरूमचं सरकतं दार एकदा पूर्ण बंद करून त्याच्या मागे पाहा. दोन्ही वेळा टमरेल तिथेच राहिलं होतं.